ग्वेर्नच्या किल्ल्यावर बादली का चढली

ग्वेर्न,
सोमवार, सप्टेंबरअखेर

तीर्थरूप टेगवेन आत्या,

सेल्विनचा वाकून नमस्कार (डावा गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा एका बाजूने केला असं समज). तुझा खोकला कसा आहे? बारमथची समुद्राची हवा मानवली असं तू लिहिलंस, आणि पुढच्याच ओळीत तीच हवा खिडकीच्या फटीतून आत येते म्हणून कुरकुरही केलीस, तेव्हा आनंद मानायचा की फट बुजवायला यायचं ते कळेना. इकडे सगळं ठीक. तू गेल्यापासून चॅपलमधली पेटी दुकानवाल्या मिसेस प्रिदी वाजवतात. त्या सगळी स्तोत्रं एकाच चालीत वाजवतात, पण मनापासून वाजवतात, म्हणून कोणी काही बोलत नाही.

पत्राला कारण असं, की मिस गेनर प्यूचं पत्र एव्हाना तुझ्या हाती पडलं असेल (आमचं टपाल बारमथला दोन दिवसांत पोचतं, मिस गेनरचं एका दिवसात). त्यात लिहिलं असणार, की गुरुवारी संध्याकाळी, चांगला उजेड असताना, तुझ्या भाच्याने किल्ल्याच्या तटावर उभं राहून पबच्या आवारातून दोराने बिअर वर ओढली आणि परगावची माणसं टाळ्या वाजवत होती. आत्या, यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण मिस गेनरने पाहिली ती तिसरी बादली. पहिली बादली तिने पाहिली नाही, आणि सगळं इंगित पहिल्या बादलीत आहे.

तुला ठाऊकच आहे, खोऱ्यात पोरं उरली नाहीत म्हणून शाळेची बस बंद झाली आणि मी या सहलींच्या गाडीवर लागलो. लहान गाडी, सात-आठ पाहुणे, तीन दिवस. दिवसा किल्ले, चार-पाचच्या सुमाराला चहाघर आणि संध्याकाळी पब. गाडी मीच चालवायची आणि माहितीही मीच सांगायची. आपल्या लोकांची मान दाबून धरायला इंग्रज राजाने किल्ले बांधले आणि आता त्याच इंग्रजांना तिकीट काढून ते बघायला मी नेतो, यात काहीतरी न्याय आहे असं मला वाटतं (पाहुण्यांपुढे बोलत नाही). राहिला पबचा प्रश्न. अकराव्या वर्षी तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या समोर, दारूला शिवणार नाही म्हणून मी सही केली होती. ती मी पाळली. पबात पाहुणे बिअर पितात, मी गोड लेमोनेड पितो. निदान गुरुवारपर्यंत तरी असंच होतं. पण क्रमाने सांगतो.

या खेपेला सात जण होते. बर्मिंगहॅमची दोन जोडपी, ज्यांचा खिडकीजवळच्या जागेवरून होणारा वाद सोडला तर काही त्रास नव्हता. मग मिस्टर ऑर्मरॉड. हे चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. राखी रेनकोट, हातात वही. मी म्हणावं, या बुरुजाला बारा वर्षं लागली, की मागून शांत आवाज यायचा, "अकरा." मी म्हणावं, इथे तीनशे सैनिक होते, की "छत्तीस." दुसऱ्या दिवशी तर मी "ही भिंत आहे" एवढंच म्हणायचो आणि थोडं थांबून बघायचो. आणि शेवटी कॅनडाहून, नोव्हा स्कोशियाहून आलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी, फ्लोरा आणि इशबेल मकॅस्किल. इशबेल ऐंशीची, चिमणीएवढी, मधुमेहाची. ती माझ्या शेजारच्या सीटवर बसायची आणि दर दहा मैलांना पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी पुढे करायची. वडीलधाऱ्यांनी दिलेलं नाकारू नये ही तुझी शिकवण. मी ती इतकी पाळली की गुरुवारी दुपारी पुडी संपली. हे लक्षात ठेव, कारण माझ्या लक्षात राहिलं नाही.

गुरुवारी दुपारी आम्ही आपल्याच ग्वेर्नच्या किल्ल्यात शिरलो. पाच वाजता समोरच मिस गेनरच्या चहाघरात चहा सांगून ठेवला होता. चहाघर दोन मिनिटांवर, म्हणून इशबेलने साडेचारलाच आपलं इंजेक्शन घेऊन टाकलं. किल्ला पावणेपाचला बंद होतो. किल्ल्याचा रखवालदार डायनियल (तुझ्या रविवारच्या शाळेत होता तोच, योनाला माशाने का गिळलं असं तू विचारल्यावर "भूक लागली म्हणून" म्हणाला होता) खाली फाटकाशी घंटा वाजवतो. त्याने ती वाजवली. मी ऐकली. पण त्या वेळी मी वरच्या बुरुजावर वेढ्याची गोष्ट सांगत होतो. आपल्या लोकांनी अख्खा हिवाळा किल्ला वेढून कसा धरला, आतल्या किल्लेदाराने शेवटी बूट उकडून कसे खाल्ले, वगैरे. आणि आत्या, तीन दिवसांत पहिल्यांदा मिस्टर ऑर्मरॉडनी पेन खाली ठेवलं. "हे मी कुठे वाचलं नाही," ते म्हणाले. (वाचतील कुठून? गोष्ट मी सकाळी पेट्रोल भरताना रचली होती.) मला असं काही चढलं म्हणतेस! दुसऱ्यांदा घंटा झाली, तरी मी बूट उकडतच होतो. म्हटलं, डायनियल थांबेल. पण गुरुवारी त्याची गायनाची तालीम असते, तीही बारा मैलांवर. तो थांबला नाही.

खाली आलो तर फाटक बंद. आपल्या लोकांना बाहेर ठेवायला सातशे वर्षांपूर्वी केलेलं दार आतून लोटलं तरी तितकंच घट्ट असतं, हे कळायला मला चौपन्न वर्षं लागली. माझा फोन गाडीत. बाकीच्यांच्या फोनला त्या डोंगराआड कधी रेंज आलेली नाही. मिस्टर ऑर्मरॉड तत्त्व म्हणून फोन बाळगत नाहीत. बर्मिंगहॅमकर हसायला लागले, फोटो काढायला लागले. मीही हसलो. मग मागे वळून पाहिलं तर इशबेल एका दगडावर बसली होती. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम, आणि ती फ्लोराला "आई" म्हणून हाक मारत होती.

फ्लोराने आवाज चढवला नाही. "तिने इंजेक्शन घेतलंय आणि पोटात काही नाही. तिला आत्ता साखर हवी. पेपरमिंटच्या गोळ्या कुठे आहेत?"

"मी खाल्ल्या," मी म्हणालो.

आयुष्यात इतकं लहान वाक्य मला इतकं जड कधी गेलं नाही. बर्मिंगहॅमकरांनी खिसे उलटे केले. घशाच्या गोळ्या निघाल्या, त्यासुद्धा बिनसाखरेच्या. मी धावलो (हो, तोच गुडघा घेऊन) आणि पश्चिमेच्या तटावर चढलो. त्या बाजूला तट बुटका आहे आणि खाली 'तीन मेंढे' पबचं मागचं आवार. तिथे नेस्ट प्रॉबर्ट टेबलं पुसायचे पंचे दोरीवर वाळत घालत होती. नेस्टला तू ओळखतेस, म्हणजे तू रस्ता ओलांडून जायचीस इतकं ओळखतेस. नवरा गेल्यापासून पब एकटी चालवते. मी हाक मारली. तिने वर न बघताच सांगितलं, "किल्ला बंद झालाय, सेल्विन."

"मी आत आहे."

"ते दिसतंय," ती म्हणाली, आणि मग वर पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, हातातला पंचा तिथेच पडला. मी चार वाक्यांत सांगितलं. तिने एकच विचारलं, "गिळता येतंय का तिला?" मी हो म्हटलं आणि ती आत पळाली.

दोर कुठून आणायचा? लोकांनी पलीकडे जाऊ नये म्हणून किल्ल्यात जे जाड दोर लावलेले असतात, ते मिस्टर ऑर्मरॉडनी मला काही न विचारता सोडवून आणले होते आणि एकाला एक गाठ मारत होते. गाठी अशा, की बैल बांधावा. तरी हातभर कमी पडला. तेव्हा त्या गृहस्थाने रेनकोट काढला, पॅंटचे गॅलिस सोडले आणि तेही दोराला जोडले. पुढचा दीड तास ते एका हाताने पॅंट धरून होते, पण त्यांचा रुबाब तसूभरही उतरला नाही.

पहिल्या बादलीत, आत्या, लेमोनेडच्या दोन बाटल्या, मधाची बरणी आणि चमचा होता. बिअरचा थेंब नव्हता. हे मिस गेनरला कळव. फ्लोराने बहिणीला घोट घोट पाजलं, मी तिचे हात चोळत बसलो आणि मनातल्या मनात तुझं सगळ्यात लांब स्तोत्र तीनदा म्हटलं. दहा मिनिटं लागली असतील. मग इशबेलने डोळे नीट उघडले, आजूबाजूला भिंती बघितल्या, आकाश बघितलं, आणि म्हणाली, "चहाघराला छप्पर नाही का?"

मी तटावर जाऊन खाली सांगितलं, बोलली म्हणून. नेस्ट वर बघत उभीच होती. ती एका उपड्या खोक्यावर बसली आणि तिने अॅप्रन तोंडावर धरला. मला ते वरून दिसलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मग तिने डायनियलच्या तालमीच्या जागी फोन लावला, आणि दुसऱ्या बादलीतून पाव, चीज आणि कांद्याचं लोणचं आलं. तेवढ्यात बर्मिंगहॅमकरांच्या जिवात जीव आला आणि त्यांनी बादलीची आणखी काय काय चढवायची ताकद आहे अशी चौकशी केली. ती तिसरी बादली. नेमकी तेव्हाच मिस गेनर आमची वाट बघून बघून बाहेर आली. मी तिला तटावरून नमस्कार केला, काय झालं ते सांगायला लागलो, आणि चहाबरोबर खायला भाजलेले तिचे स्कोन वाया जाऊ नयेत म्हणून ते बादलीत ठेवायची विनंतीही केली. तिने बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन दाराला कडी लावली. आवाज तटापर्यंत आला.

साडेसहाला डायनियल गायनमंडळाचा लाल कोट घालून, घामाघूम होत आला. तो इतका ओशाळला होता की मलाच त्याची समजूत घालावी लागली. शेजारच्या गावची नर्स येऊन इशबेलला तपासून गेली, सगळं ठीक म्हणाली. फाटकातून बाहेर पडताना मी मिस्टर ऑर्मरॉडना सांगून टाकलं, की वेढा खोटा होता, माझ्या गोष्टीपायी हे सगळं झालं. ते गॅलिस लावत होते. "ते माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं," ते म्हणाले. "पण बुटांचा भाग चांगला जमला होता. मलासुद्धा घंटा ऐकू आली नाही."

नंतर आम्ही सगळे 'तीन मेंढे'मध्ये बसलो. नेस्टने माझ्यापुढे काहीतरी ठेवलं, मी ते प्यालो, आणि निम्मा ग्लास संपल्यावर कळलं की हे लेमोनेड नाही. उरलेला निम्मा तसाच ठेवला असता तर तिचा अपमान झाला असता. तू सहीचा कागद बायबलात ठेवला असशील तर माझ्या वतीने त्यावर "अर्धा ग्लास" एवढं लिही.

इशबेल काल घरी गेली. जाताना तिने मला पेपरमिंटची नवी पुडी दिली आणि मी ती नाकारली. जप. खिडकीची फट बुजवायला मी येतोच आहे.

तुझा आज्ञाधारक (अर्धा ग्लास वजा)
सेल्विन

ता. क. शुक्रवारी सकाळी मी बादली परत द्यायला गेलो. बादली द्यायला दोन तास लागले. चार वर्षं दर गुरुवारी मी तिथे जाऊन लेमोनेड पितो. नेस्ट म्हणाली, "लेमोनेड इतकं कोणालाच आवडत नाही, सेल्विन." मग मी विचारलं. ती म्हणाली, विचारायला किल्ल्यात अडकावं लागलं का? आणि हो म्हणाली.

आणखी ता. क. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आपल्या चॅपलमध्ये लग्न आहे. पेटी तू वाजवावीस. नेस्ट तुला विचारणार नाही. तिला वाटतं, पबवालीच्या लग्नाला तू पाऊल टाकणार नाहीस, आणि मी तुझ्यावर रुसू नये असंही ती वरून सांगते. तू आली नाहीस तरी लग्न होईल. पण मला वाढवलं तू, आणि त्या बाकावर मिसेस प्रिदींची पाठ दिसली तर मला ते सोसणार नाही. हे वरच्या पत्रात लिहायला पाहिजे होतं, धीर झाला नाही.

शेवटचं ता. क. हे पत्र मी पबच्या काउंटरवर बसून लिहिलं. पाकीट शोधताना खाली एक तयार पार्सल दिसलं, ब्रँडीच्या तीन बाटल्या, वर बारमथचा तुझा पत्ता आणि "नाताळच्या केकसाठी". नेस्टने ते हिसकावून घेतलं, गिऱ्हाइकाची गोष्ट गिऱ्हाइकापाशी, म्हणाली. तू इथे होतीस तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षांत, तिने हे कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही. पबच्या हिशेबाच्या वहीत बघितलं तर नाताळ वर्षातून एकदा येतो आणि पार्सल चारदा जातं. मी कुठे बोलणार नाही, मिस गेनरजवळ तर नाहीच. फक्त एवढं कळव, यंदाच्या बाटल्या टपालाने पाठवू, की तू लग्नाला आलीस की इथेच हातात देऊ?