मॉनिटरचं वजन

१२ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायला लागलो की बाबा कान टवकारून शेजारी उभे राहतात, आणि विषय त्यांच्या लाडक्याचा आहे. म्हणून हा कागदी उद्योग.

विषय म्हणजे आपला मॉनिटर. जन्मभर शाळेत पीटी शिकवलेल्या माणसानं कुत्रं पाळलं तर त्याला वर्गातलंच पद मिळणार! पण सध्या या मॉनिटरला बघून कुठलाही वर्ग खो खो हसेल. जिना चढताना अर्ध्यावर बसकण मारतो आणि आम्ही उचलून नेण्याची वाट बघतो. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. वजन आवरलं नाही तर सांधे आणि हृदय, दोन्ही दगा देतील म्हणाल्या. खाणं मोजून, उकडलेला भोपळा भरपूर, बिस्किटं पूर्ण बंद. मी सगळं निमूटपणे पाळतोय.

दर रविवारी वजन करतो. पठ्ठ्या काट्यावर एकटा उभा राहत नाही, ठेवला की आडवा होतो. मग बाबा त्याला उचलून काट्यावर उभे राहतात, मी आकडा वाचतो आणि त्यातून बाबांचे सत्तावन्न वजा करतो. तीस वर्षांत त्यांचं वजन तसूभर हललं नाही, हे व्याख्यान तुझंही पाठ असेल. तर गंमत अशी, की वसंतात बहात्तर होते आणि काल पुन्हा बहात्तरच. म्हणजे मॉनिटर पंधराचा पंधरा! डॉक्टरीणबाई म्हणतात, हा बघताक्षणी वीसचा वाटतो. माझ्या दुकानात डोळे तपासून मिळतात, असं मी त्यांना नम्रपणे सुचवलं. त्या हसल्या नाहीत. काल मात्र त्याला धरताना बाबांचे हात थरथरत होते.

चामड्याचा मात्र हल्ली काही भरवसा राहिलेला नाही. मॉनिटरच्या गळ्यातला पट्टा आटला असावा, दोन भोकं सैल करावा लागला. आणि बाबांच्या कमरेचा पट्टा उलट ताणला गेलाय. दुकानातलं भोकं पाडायचं हत्यार आणलंच होतं, त्यांनाही आतल्या बाजूला दोन नवी भोकं पाडून दिली. एका बैठकीत दोन गिऱ्हाइकं.

बाबांना सर्दी आहे. या वर्षातली कितवी ते विसरलो, गल्लीत कुणी शिंकलं की ती आधी आपलं घर शोधत येते. मी प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरचा मोठा डबा आणून दिला, तो त्यांनी बघता बघता संपवला. जेवणाची तर तक्रारच नाही. ही बँकेत जाण्याआधी त्यांचं दुपारचं जेवण टेबलावर झाकून ठेवते, आणि संध्याकाळी भांडी इतकी लख्ख असतात की ती घासावी की नाही असा तिला प्रश्न पडतो. शिवाय मॉनिटरच्या अंगावर सध्या जी झळाळी आली आहे, ती बघण्यासारखी आहे.

तर निर्णय असा, की त्याला तीन महिने माझ्या मेहुण्याकडे ठेवायचं. त्याचं अंगण मोठं आहे, कुत्रं धावेल, वजन झडेल. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी नेतोय. बाबांना सांगितलं तर ते उठून गॅलरीत गेले. तू थोरली आहेस, तुझं ते ऐकतात. दोन शब्द लिही.

दोन शिव्या घातल्यास तरी चालेल, पण उत्तर धाड. त्यावरून माया शाबूत आहे असं समजेन.

तुझा धाकटा,
चष्मिश


१९ जुलै

चि. चष्मिशास,

अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी हसले की किचनमधल्या बायका गोळा झाल्या. दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू कुठल्या कुठे पळालं.

अरे, लोकांना चष्मे लावतोस, आणि तुझ्या समोरचं तुला दिसेना? कुत्रं गोल झालं, काट्यावरचा आकडा मात्र जागचा हलला नाही. मग कमी कोण झालं? एकाचा पट्टा तू सैल केलास आणि त्याच हत्यारानं दुसऱ्याचा आवळलास, तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायचा होता. चामड्याला दोष देतोस! डॉक्टरीणबाईंची आधी माफी माग.

तुला ठाऊक आहे, इथल्या हॉस्पिटलचं अख्खं स्वयंपाकघर मी बघते. रिकामं ताट परत आलं म्हणजे पेशंट जेवला, असं आमच्याकडे काल कामाला लागलेली पोरगीही मानत नाही. कुणी भेटायला आलेल्याला खाऊ घालतं, कुणी शेजारच्या खाटेवर सरकवतं. एका आजोबांनी तर आठवडाभर भाजी खिडकीतल्या कुंडीत पुरली होती. तुझ्या घरची कुंडी चार पायांची आहे, एवढाच फरक. पावडरही तिथंच गेली असणार, त्याशिवाय का कुत्रं असं झळाळतंय?

आणि पावडरचं कौतुक मला सांगू नकोस. आम्ही पेशंटला अंडं, मासे, डाळी, दही, फळं देतो ती काही हौस म्हणून नव्हे. अंग त्यावर उभं राहतं आणि आजाराशी भांडायचं बळही त्यातूनच येतं. पोटात अन्न नसेल तर सर्दी मुक्काम ठोकणारच. आज सर्दी आहे, उद्या छातीत उतरेल. या वयात तसं झालेले लोक मी रोज बघते, आणि ते सगळेच घरी जात नाहीत.

बाबा का जेवत नाहीत? दात दुखतात का? गिळायला त्रास होतो? मला भलतंसलतं सुचतंय. आईच्या वेळी आपल्याला सगळं उशिरा कळलं. मला भीती वाटते रे, तुझ्याशी काय लपवायचं.

आता एवढं कर. एके दुपारी न सांगता घरी जा. बाबांना एकट्याला काट्यावर उभं कर आणि आपल्या डॉक्टरांकडे ने. आणि कारण कळेपर्यंत मॉनिटरला जागचा हलवू नकोस.

रागावून लिहिलंय, पण जीव आहे म्हणूनच. तो तसाच राहील.

तुझी,
ताई


२५ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

गाढव म्हणायचं तू राहिलीस, ते मीच म्हणून घेतो.

गुरुवारी भर दुपारी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि मागच्या दारानं घरात शिरलो. बाबा टेबलाशी बसले होते. समोर, आईच्या खुर्चीवर, मॉनिटर. ताठ बसलेला, पुढचे पाय टेबलाच्या कडेला, अगदी पाहुण्यासारखा. बाबा त्याला सकाळच्या पेपरातल्या बातम्या सांगत होते. एक घास त्याला देत, मग पुढचाही त्यालाच. मी तिथं उभा असेपर्यंत बाबांच्या तोंडात जेमतेम दोन घास गेले असतील. ताई, मला चष्मा काढून पुसावा लागला, आणि काचा स्वच्छच होत्या.

मला बघून ते दचकले नाहीत. उलट विचारलं, आज दुकानात गिऱ्हाईक नाही का? खूप खोदून विचारल्यावर म्हणाले, दात ठीक आहेत, पोटही ठीक आहे. समोर कुणी नसलं की घास तोंडात नुसता फिरत राहतो, खाली उतरत नाही. रात्री आम्ही असतो तेव्हा थोडं जातं. दुपारी नाही. टाकून द्यावं तर सूनबाई पहाटे उठून करते, तिला वाईट वाटेल. मॉनिटरला आनंदानं खाताना बघितलं की जेवणाची वेळ कशीबशी निघून जाते. एवढं बोलून त्यांनी त्याला मेहुण्याकडे कधी नेणार, असं विचारलं. विचारताना हात मॉनिटरच्या पाठीवर होता. नेणार नाही, एवढंच म्हणालो.

मग वजन केलं. बावन्न. काटा बिघडलाय म्हणाले आणि खात्री करायला मलाच वर चढवलं. काटा ठीक आहे गं. मी चार किलो वाढलोय. दुकानाशेजारच्या बेकरीची कृपा. तेव्हापासून बाबा मला मॉनिटरचा वर्गमित्र म्हणतात.

डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं. दुखणं असं काही नाही, पण अंगात राखीव बळ काही उरलेलं नाही म्हणाले. असंच चाललं तर पुढची सर्दी हॉस्पिटलात नेऊन सोडेल.

म्हणून आता मी दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला येतो. गिऱ्हाइकांना तेवढा वेळ जग अंधुक दिसलं तर दिसू दे. ही बाबांच्या जेवणात अंडी, मासे आणि डाळी वाढवते आहे. मॉनिटरचा भोपळा आधी गॅलरीत, दार लावून. त्याचे सूर ऐकशील तर तुला वाटेल आम्ही त्याला छळतोय. हिच्या डोळ्यांतलं पाणी मात्र दोन दिवस खळलं नव्हतं.

तू एकदा त्यांना लिही. आणि माझ्यावरचा राग सावकाश उतरव, काही घाई नाही.

तुझा,
चष्मिश


१ ऑगस्ट

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

सकाळी उपाशी आलेल्या मुलाला तुम्ही मैदानात उतरू देत नव्हता. रेषेबाहेर बसवायचात आणि स्वतःच्या डब्यातलं खायला लावायचात. ती मुलं आज रस्त्यात भेटली तरी तेच सांगतात. आता तुम्ही रेषेबाहेर.

तुमचा आकडा पूर्वीचा होईपर्यंत मॉनिटरला उचलायची मनाई आहे. कधी सूट द्यायची ते मी ठरवीन. अपील चालणार नाही. मी किती धास्तावले होते ते लिहीत नाही, भेटल्यावर भांडेन.

आशीर्वाद असू द्या, आणि जेवण वेळेवर असू द्या.

तुमची,
थोरली


१४ नोव्हेंबर

चि. थोरलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी शिक्षा भोगून झाली, असं मी परस्पर ठरवलं आहे. काल मॉनिटरला उचलून काट्यावर उभा राहिलो. हात थरथरले नाहीत. तुझ्या भावानं वाकून आकडा वाचला आणि त्याचा चेहरा पडला. बहात्तर. पुन्हा तेच! मग त्यानं आम्हाला वेगवेगळं केलं, बिस्किटाची लालूच दाखवून मॉनिटरला घटकाभर उभं ठेवलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. मॉनिटर सोळा, मी छप्पन्न. डॉक्टरीणबाईंना सांग म्हटलं, तर त्यानं आधी चष्म्याचे दोन नवे नमुने माफीची भेट म्हणून पिशवीत टाकले.

कमरेच्या पट्ट्याची नवी भोकं आता कामाची राहिली नाहीत. सर्दी एकदाच आली आणि चार दिवसांत कंटाळून गेली. मॉनिटर जिना एका दमात चढतो आणि वर जाऊन माझी वाट बघतो. तुझा भाऊ मात्र अजून मधल्या पायरीवर थांबतो.

एक गोष्ट त्यानं तुला कळवलेली नाही. पहिले काही दिवस तो दुपारी बाजूच्या खुर्चीवर बसायचा, तिरका, मान वाकडी करून माझ्याकडे बघत. तुझ्या आईची खुर्ची रिकामीच. मग एक दिवस मीच ती खुर्ची ओढली आणि त्याला समोर बस म्हणालो. तो बसला. मग त्यानं तिच्यासारखंच, न विचारता, माझ्या ताटात वाढलं. मी खाल्लं. पुरतं खाल्लं, पोरी. टेबलाखाली कुणी नव्हतं.

सत्तावन्नला अजून एक किलो कमी आहे. सूनबाई म्हणते, तो महिन्याभरात भरून येईल. पण मी त्याला जरा थोपवून धरला आहे. तू सुट्टी घेऊन येशील आणि समोर बसून माझ्याशी भांडशील, त्या जेवणांसाठी.

वाट बघतो आहे. भूकही बघते आहे.

तुझे,
बाबा