न लावलेला कोड

प्रिय इम्के,

बाबांच्या दफनानंतर तू चहाला थांबलीस. आईच्या कपात खडीसाखर टाकलीस आणि तिचा हात धरून म्हणालीस, "काकू, घामाघूम होईपर्यंत छाती दाबली मी त्यांची. हृदय पुन्हा चालू झालंच नाही." तेव्हापासून आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगते. कालपर्यंत मीही सांगत होते.

बाबा सरकारी शाळेतून निवृत्त झालेले, खासगी विम्याचे, म्हणून रुग्णालयाचं बिल परस्पर विमा कंपनीकडे न जाता घरी आलं. त्यावरचे आजारांचे कोड मी वाचीन, हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? तुमच्याच रुग्णालयाच्या तळमजल्यावर बसून, फायली वाचून हे कोड लावण्याशिवाय मी दिवसभर दुसरं काय करते? हृदय थांबल्याचा कोड त्यात नव्हता. आमचा नियम तुलाही ठाऊक आहे. हृदय नुसतं थांबलं तर तो कोड लावत नाहीत. ते पुन्हा चालू करायची धडपड झाली असेल तरच लावतात, मग माणूस वाचो न वाचो.

मला वाटलं, आमच्या खोलीतला योर्न चुकला. घरच्या माणसाची फाइल आम्ही स्वतः करत नाही, म्हणून ती त्याच्याकडे गेली होती. मी त्याला चिडवलं, "काय रे, डुलकी लागली होती का?" एरवी एकाला दोन ऐकवणारा योर्न पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला, "चुकलो नाही गं. आईच्या सहीनं फाइल मागव. आणि मी काही बोललो नाही."

आईनं न वाचताच सही केली. फाइलमध्ये बाबांनी लिहून दिलं होतं की, हृदय थांबलं तर काही करू नका. खाली त्यांची सही, शेजारी डॉक्टर म्हणून तुझी.

तू त्यांचं ऐकलंस, याचा राग नाही. रुग्णाची गोष्ट बाहेर काढायची नसते, हेही मला कळतं. तू गप्प राहायचंस. तो घाम कशाला रचून सांगितलास? आपण बालवाडीपासून एकत्र आहोत, इम्के. मला कोणी सांगितलं असतं की तू खोटं बोललीस, तर मी त्यालाच झापलं असतं.

आईला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तू माफी मागावीस म्हणूनही लिहीत नाही. सही करताना बाबांजवळ तू एकटीच होतीस. "फ्राउकेला कळू देऊ नकोस," असं ते म्हणाले, की ते तू ठरवलंस? बाबांना आता विचारता येत नाही. दोघांपैकी कोणावर रागवायचं, तेवढं तरी मला खरं कळू दे.

अजून तरी तुझीच,
फ्राउके