सोड्यांची पुडी

३ ऑक्टोबर

सहावा दिवस. तबिशचा फोन लागत नाही. वादळाने अख्खं बेट झोडपलंय. टीव्हीवर तो काम करतो त्या हॉटेलचं छप्पर समुद्रात तरंगताना दाखवलं — तोच हिरवा पत्रा!

शफीक म्हणतात, टॉवर पडलेत, पोरगा नाही. मग स्वतः ताटावरून का उठले?

४ ऑक्टोबर

इथून, कतारहून, मदतीचं विमान जाणार! शफीकच्याच कार्गोतून. बेटावरच्या विहिरींत समुद्र शिरलाय, प्यायला थेंब नाही, म्हणून पाण्याचे फिल्टर. ते थेट तिथल्या शाळेत जाणार, जिथे हॉटेलची माणसं आसऱ्याला आहेत. म्हणजे तबिशही. असणारच!

मदतीचं काम बघणाऱ्या आसावरीने खोकी भरायला आम्हा बायकांना बोलावलंय.

५ ऑक्टोबर

दिवसभर खोकी भरली. पाठीचा पार काटा ढिला झाला. आसावरी दहादा बजावत होती, "भाभी, लिस्टबाहेरचं काही घालायचं नाही हं!" मी मान डोलावली. आणि शेवटच्या खोक्यात सोड्यांची, सुकवलेल्या कोलंबीची, पुडी सरकवली.

काय करू? आमच्या गावातून कुणी आखातात निघालं की त्याच्या बॅगेत अर्ध्या मोहल्ल्याच्या पुड्या असतात. रिकाम्या हाताने कुणाला जाऊ देत नाहीत. माझं पोर तिथे उपाशी, आणि मी नुसते प्लास्टिकचे फिल्टर पाठवू? सोडे पाहिले की कळेल त्याला, अम्मी आहे.

वास येऊ नये म्हणून फॉइलचे पाच थर गुंडाळले. वर चिठ्ठी — 'तबिशला द्या.' मोठी हुशार मी!

६ ऑक्टोबर

विमान गेलं. फिल्टर इथेच.

शफीक आले ते बूट न काढताच सोफ्यावर बसले. तपासणीच्या एक्स-रे मशीनमध्ये एका खोक्यात काळा गोळा दिसला म्हणाले. फॉइल! कागदावर नोंद नाही. झालं — फिल्टरची सगळीच खोकी खाली उतरवली. आता पुन्हा तपासणी, पुन्हा कागद. पुढचं विमान चौदाला.

मग खिशातून चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. "मराठी तिकडं कोन वाचणार होता गो? इकडंपन मी एकट्यानंच वाचली." साहेबाला दाखवली नाही. "वर्ल्ड कपच्या खुर्च्या रोज उतरवतो, एक दिस उशीर नाय. आनि हा माझ्याच घरातना..." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

७ ऑक्टोबर

आसावरीचे तीन फोन. उचलले नाहीत.

८ ऑक्टोबर

बातमी — शाळेत जुलाबाची साथ. सगळे खारं, गढूळ पाणी पितायत. नावं सांगत नाहीत मेले!

नळ सोडते आणि लगेच बंद करते. बाहेर स्टेडियमच्या रस्त्याला टँकर झाडांवर पाणी मारतोय. झाडांवर! या अल्ला, माझ्या चुकीची शिक्षा त्या पोरांना नको. तबिशला नको. मला दे.

शफीक चहा घेतात, स्वतःच कप विसळून ठेवतात.

९ ऑक्टोबर

अजून पाच दिवस.

१० ऑक्टोबर

तबिशचा फोन! कुणाच्या तरी सॅटेलाइट फोनवरून. जिवंत आहे! आवाज पार बसलेला.

"अम्मी, रडू नको. मदतवाले म्हणतात, कतारचे फिल्टर आज-उद्या येतील, हो ना? इथे बारकी पोरं तग धरत नाहीत गो. मी सगळ्यांना सांगितलंय, कतारहून म्हणजे अब्बांच्याच कार्गोतून, माझ्या अम्मीनेच भरले असणार. सगळी शाळा तुला दुवा देतेय."