सागिनची चाकोरी

११ जून
आलो एकदाचा! जायलोवरचं, म्हणजे डोंगरातल्या उन्हाळी कुरणावरचं, बर्फ वितळलंय, गवत घोट्याला लागतंय आणि हवा अशी की पोटातली भूक दुप्पट व्हावी. मालकीण बुरुलायने युर्ताच्या, त्यांच्या गोल लोकरी तंबूच्या, दारातच कुमीसचं, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं, वाडगं हातात दिलं. इथे उतरणाऱ्या पाहुण्यांना खिंडीपलीकडच्या तळ्यावर न्यायचं-आणायचं, एवढंच माझं काम. गाडी जुनी उआझ जीप आहे, पण इंजिन ठणठणीत. सीट तेवढी फार पुढे होती, बसल्याबसल्या गुडघे स्टिअरिंगला थडकले. मागे सरकवली. बुरुलायची सासू कालीपा बघत उभी होती. म्हणाली, तुझे पाय करताना देवाला थांबायचं सुचलंच नाही वाटतं, लांबुड्या! म्हातारी तोंडाने फटकळ, पण रश्शात मटण वाढताना हात सढळ.
आधीचा ड्रायव्हर बुरुलायचा नवरा होता, बुटका सागिन. गेल्या ऑगस्टमध्ये वारला.

१४ जून
खिंडीच्या अलीकडे हिरवंगार मैदान आहे. वरून गालिचा, खाली दलदल. त्यातून सागिनने पाडलेली एकच चाकोरी जाते आणि सगळ्यांनी तिच्यातूनच जायचं. इथलं गवत एकदा चाकाखाली चिरडलं की वर्षानुवर्षं उगवत नाही. त्या खुणेतून पावसाचं पाणी धावतं आणि मेंढ्यांचं कुरण वाहून जातं. मैदान लागलं की चाकांतली हवा थोडी सोडायची. चारही चाकांचा गिअर रुतायच्या आधी टाकायचा, नंतर नाही. धुकं असेल तर एकाने उतरून काठी टेकत पुढे चालायचं आणि त्याचा हात वर झाला की मागच्याने तेवढंच पुढे यायचं.
हे सगळं मला येतं हो! पण म्हातारी प्रत्येक वाक्याला शेपूट लावते, की सागिन अस्संच करायचा.

२ जुलै
गुरुवार. बुरुलाय दर गुरुवारी बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळते. तळणाचा वास मेलेल्या माणसापर्यंत पोचतो आणि त्याचं पोट भरतं, म्हणून. पहिला घाणा सागिनच्या नावाचा. मी खिंडीतून हाडं खिळखिळी करून आलो, तर मला थांब म्हणाली. मेलेल्याचं झाल्यावर जिवंताला!
लाज वाटते, पण लिहितोच. मी त्या माणसावर जळतो. त्याची गोष्ट सांगताना ती मान मागे टाकून खळखळून हसते. माझ्या विनोदाला नुसते ओठ हलतात.
आज धीर करून लग्नाचं विचारलं. वर्षाचं जेवण होऊ दे, मग सांगते, म्हणाली. म्हणजे तिथेही तोच आडवा!

१९ जुलै
सकाळी कालीपा पाहुण्यांना सांगत होती, की पोरगा बरा आहे, पण सागिनच्या चाकोरीत चालतोय म्हणून चालतोय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. रिकामी गाडी परत आणताना मुद्दाम चाकोरी सोडली आणि डावीकडून हिरव्यातून सरळ काढली. काळ्या खडकापाशी पुन्हा वर आलो. जवळचा रस्ता, माझा रस्ता!
मैदानावर दोन काळे पट्टे उठलेत. म्हातारीने ते बघून कपाळावर हात मारला आणि मटकन खाली बसली. मग तिनेच सांगितलं. एक पाहुणा असाच चाकोरी सोडून रुतला होता. त्याला ओढायला सागिन गेला. पाहुणा वाचला, सागिन गाडीसकट गेला. गाडी नंतर घोडे लावून काढली.
हीच गाडी. मला कुणी बोललं नव्हतं.

२० जुलै
सकाळी सीट पुढे होती. गुडघे थडकले.

२४ जुलै
माझी चाकोरी लांबलीय. मी खडकापाशी वर आलो होतो, माझ्या खुणा तिथेच संपल्या होत्या. आता ती तिथून वळून दलदलीत उतरते. खुणा ताज्या आहेत. आत जाणाऱ्या आहेत, बाहेर येणाऱ्या नाहीत. गाडी मात्र युर्तापाशीच उभी, चाव्या माझ्या उशाखाली. चाकांना ओला चिखल.
बुरुलायला दाखवला. तिने बोटाने चिखल पुसला आणि कितीतरी वेळ बोटाकडे बघत राहिली. मला भीती वाटायला हवी होती. आधी रागच आला.

५ ऑगस्ट
सीट रोज पुढे. काल तारेने करकचून बांधली. सकाळी तार सोडलेली होती. तोडलेली नाही — सोडून, नीट गुंडाळून टपावर ठेवलेली. सागिन फार टापटिपीचा होता, असं बुरुलाय म्हणाली. कौतुकाने!

१३ ऑगस्ट
काल वर्षाचं जेवण झालं. घोडा कापला, आख्खा जायलो जेवला. बुरुलाय हो म्हणाली. हो! उद्या खिंडीपलीकडे खाली गावात जाऊन मुल्लाकडून निकाह वाचून घ्यायचा.
आज गुरुवार. तिने कढई काढली होती. मी म्हटलं, आता पुरे, आजपासून त्याच्या नावाचं तळायचं नाही. तिने कढई पालथी घातली. म्हातारी म्हणाली, लांबुड्या, उपाशी माणूस घरी येतो.
शेवटी मीच जिंकलो.

१४ ऑगस्ट
मैदानावर दाट धुकं. बुरुलाय काठी घेऊन पुढे गेलीय. हात वर झाला की निघायचं. इंजिन बंद करून थांबलोय. हाताला काम हवं म्हणून लिहितोय —
उशीर झाला, हात काही वर होत नाही.
उतरून पाहिलं. ती सागिनच्या चाकोरीतून निघाली होती. तिची पावलं मध्येच डावीकडे वळलीत. माझ्या चाकोरीत. शेजारी आणखी एक जोडी. आखूड पावलांची.
हाका मारल्या. गाडीत परत आलो. हॉर्न वाजत नाही.
बोर्सोकचा वास — कुणी तळलेच नाहीत —
हात वर झाला. दिसला. दोन हात आहेत, एकच तिचा.
नाही जायचं. चाव्या माझ्या खिशात. इंजिन चालू झालं —
सीट पुढे सरकतेय. गुडघे अडकले. दार उघडत नाही — बुरुलाय, मागे फिर —
हसतेय. धुक्यातून ऐकू येतंय. मान मागे टाकून, खळखळून. माझ्याशी कधी अशी —