बासष्ट, बासष्ट, बासष्ट

सोम., १२ जाने.
कुरकुंभच्या केमिकल प्लँटच्या मॅनेजरसाहेबांनी आज सरळच विचारलं, "त्या मोठ्या कंपनीचं एआय आमच्या ऑपरेटरांची हाताने लिहिलेली लॉगबुकं घडाघडा वाचतं. तुमचं वेगळं काय?" मी आणि भागीदार शबाना, म्हणजे आमची अख्खी सॉफ्टवेअर कंपनी, एकमेकांकडे बघत बसलो. शुक्रवारी शेवटचा डेमो. हे काम गेलं तर शबाना परत शिरूरला, शिकवण्या घ्यायला. मी याच प्लँटमधली नोकरी सोडलीय. कुठल्या तोंडाने परत जाऊ?

मंगळ., १३
दौंडच्या खोलीवर दिवसभर जुनी पानं तपासली. वाचण्यात त्यांचंच सरस. शबाना वैतागली, "त्यांच्याकडे हजार माणसं, आपल्याकडे तू!" कौतुक की टोमणा, कळलं नाही.

मग एक पान दिसलं. मला आठवतं, त्या दिवशी सकाळी नऊला वीज गेली, प्लँट बंद. तरी तीन वाजेपर्यंत दर तासाला रिॲक्टरचं तापमान बासष्ट. त्यांचं एआय म्हणतं, पान अचूक वाचलं. वाचलंच की! पण शिफ्ट सुरू होताच चहा पिता पिता आठही तासांचे आकडे भरून टाकायची आमची रीत त्याला कोण सांगणार? शुक्रवारी साहेबांना आपण हे पकडून दाखवलं तर काम आपलं. पण अक्षर जालिंदरमामांचं. मला प्लँटवर सगळं त्यांनीच शिकवलं.

बुध., १४
संक्रांत. तिळगूळ घेऊन पाटसला मामांकडे. सांगून टाकलं. मामांनी हातातला तिळगूळ खाली ठेवला. मग, "दावायचं तर दाव. रिटायर व्हाया दोन वर्सं राहिल्यात, नोकरी जाईल. पन तू काय येगळं करत हुतास रं?"
मामी आतून, "आन् ह्या खोट्या आकड्यांपायी कुनी भाजलं असतं म्हंजी?"
चहा तसाच टाकून निघालो.

गुरु., १५
शबानाला सगळं सांगितलं. ती चिडली नाही, तेच जास्त लागलं. "दाखवलं तर मामा जातात, नाही दाखवलं तर... मला नाही कळत रे." मला तरी कुठं कळतंय!
दुपारी गठ्ठ्यात माझंच जुनं पान सापडलं. बासष्ट, बासष्ट, बासष्ट. खाली माझी झोकदार सही. हेच दाखवू? पण असं खोटं लिहिणाऱ्याच्या सॉफ्टवेअरवर साहेब विश्वास का ठेवतील?

शुक्र., १६
साडेनऊ. कुरकुंभ, गेटवर. दोन्ही पानं बॅगेत, अजून ठरलेलं नाही. वॉचमनने रजिस्टर पुढे सरकवलं. "भाऊ, भायेर जायाची येळबी आत्ताच टाका. परत थांबाया नको."
पेन हातात घेऊन उभा आहे. शबाना म्हणते, लिही ना.