मारेनचा चिखल आणि मी

३ सप्टेंबर, सोमवार
डेन्मार्कात ऑर्हूसला आल्यापासून एका संशोधन संस्थेच्या कँटीनमध्ये भांडी धुतोय. आज थेट विज्ञानात शिरलो. मारेन, ती समुद्रतळाच्या चिखलावर संशोधन करणारी, भांड्यांच्या खिडकीशी आली. सामान्य माणसाला विज्ञान समजावणाऱ्या शास्त्रज्ञाला ऑक्टोबरात बक्षीस आहे. मिळालं तर तिला इथे आणखी दोन वर्षं. नाही तर नोव्हेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपलं. म्हणून रोज दुपारी मी तिचं भाषण ऐकायचं. अख्ख्या इमारतीत तिला मीच सापडलो. उगाच नाही.

४ सप्टेंबर
ऐकलं. चिखल, बारीक शंख, एक मोठा आकडा. बोलताना ती केस कानामागे घेते. कळलं का, विचारलं. म्हटलं, अगदी स्वच्छ. नववीत शाळा सोडली म्हणजे माणूस मठ्ठ नसतो.
संकल्प: तिचा लेख वाचणे.

५ सप्टेंबर
लेख, पान १. डोळे चुरचुरले. मशीनच्या वाफेने.

१२ सप्टेंबर
कुठे अडतं का, म्हणाली. शंखांवरून जुन्या समुद्राची ऊब ओळखतात, तिथे माझं डोकं बंद पडतं. पण अडतं म्हटलं तर ती दुसरा कुणी शोधेल. म्हटलं, एक शब्द बदलू नकोस. खूश झाली. दालचिनीचा पाव अर्धा मोडून दिला.
आमची मुख्य, बोदिल, म्हणते, मेंढपाळा, तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही. जळते.

२० सप्टेंबर
फेरो बेटांवरून, घरून, आईचा फोन. मेंढ्या डोंगरावरून उतरवायला ये म्हणाली. सांगितलं, जमणार नाही, संशोधनात आहे. मारेनचंही सांगितलं. थोडं वाढवून. आईने स्वेटरसाठी तिचं माप विचारलं.

८ ऑक्टोबर
पान १, चौथ्यांदा. अशा गोष्टी घाईने होत नाहीत.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार
नगर वाचनालय. भाषण झालं की श्रोत्यांतल्या एकाने ते आपल्या शब्दांत सांगायचं, अशी यांची पद्धत. मारेन सुंदर बोलली. परीक्षकबाईंनी विचारलं, कोण सांगेल? एकही हात वर नाही. मारेनने हसून माझ्याकडे बोट केलं.
उभा राहिलो. म्हटलं, समुद्राखाली चिखल असतो.
आणि?
बराच असतो.
लोक हसले. मारेन नाही.
बक्षीस मधमाश्यांवर बोललेल्याला.

१५ ऑक्टोबर
ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “रोय, कळत नाही असं सांगायचं होतंस रे. त्यासाठीच तर यायचे मी तुझ्याकडे.”
दुपारी आली नाही.

३० नोव्हेंबर
मारेन आज नॉर्वेत ट्रॉम्सोला निघाली. निरोप घ्यायला खिडकीशी आली. मी पहिल्यांदाच विचारलं, ते उबेचं काय असतं? तिने ओल्या ट्रेवर बोटाने दोन शंख काढले. थंड पाण्यात हा डावीकडे वळत वाढतो, उबदार पाण्यात उजवीकडे. चिखलाच्या ज्या थरात जसे शंख, तसा त्या काळचा समुद्र.
पाच मिनिटं. सगळं कळलं. खरंच कळलं.
“आता कळलं?” तिने विचारलं.
नाही म्हटलं. पुन्हा सांगेल म्हणून.
तिने घड्याळ पाहिलं, राहू दे म्हणाली, आणि बॅग उचलली.