माणसं पाच, आवाज सहा

११ जानेवारी

आले एकदाची! लेर्खबोडन हट, स्कीवाल्यांच्या मुक्कामाची जागा, उंची दोन हजार एकशे साठ मीटर, आणि आजपासून उन्हाळ्यापर्यंत तिची राखणदार मी, नोटबुर्गा. पाठीवर बावीस किलो, पायात स्की, साडेतीन तासांची चढण. एक्केचाळिसाव्या वर्षी हे जमलं म्हणून स्वतःच्या पाठीवर स्वतःच थाप मारून घेतली. दुसरं कोण मारणार!

दार उघडलं सेराफिनने. हा इथला स्वयंपाकी, वय एकाहत्तर, मिशा सुपात बुडतील एवढ्या. "नमस्कार, कसे आहात?" असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि म्हातारा खवळलाच. हजार मीटरच्या वर अहो-जाहो करणाऱ्याला तो सूप वाढत नाही म्हणे. नियम मला का ठाऊक नाही? पण मिशा बघून जीभ घसरली. मग "सेराफिन, भूक लागलीय रे" म्हटल्यावर खुलला आणि चुलीवरचं आख्खं भांडंच पुढ्यात ठेवलं. पावाचे गोळे, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे. चार खाल्ले.

खिडकीतून वरचा उतार दिसतो. पांढरा, गुळगुळीत, एक झाड नाही. माझी खोली तळमजल्यावर, चुलीच्या मागे, त्यामुळे उबदार. नवी दरी, नवी माणसं, कोणी काही विचारत नाही. फार बरं वाटतंय.

१२ जानेवारी

सेराफिनने आज माझी परीक्षा घेतली. माझा पीप्सर, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायची डबी, टेबलावर ठेवायला लावला आणि म्हणाला, समज मी शहरातला बावळट आहे, मला शिकव. शिकवलं. तीन सेल, नवे करकरीत, पुन्हा चार्ज होणारे चालणार नाहीत. पट्टा आतल्या कपड्यावर, जाकिटाच्या आत, म्हणजे बर्फाने जाकीट ओरबाडून नेलं तरी डबी अंगावर राहील. फोन लांब, नाहीतर आकडे वेडेवाकडे येतात. खटका एका बाजूला केला की डबी साद घालते, दुसऱ्या बाजूला केला की दुसऱ्याची साद ऐकते. दोन्ही एकदम करता येत नाही. कोणी गाडलं गेलं की बाकीच्या प्रत्येकाने आधी आपला खटका "शोध"वर करायचा, मगच पाऊल उचलायचं. एकाचा जरी "साद"वर राहिला तरी सगळे त्यालाच शोधत बसतात.

हे शेवटचं मी दोनदा सांगितलं. सेराफिनने मान डोलवली. पास केलं मला.

इथली एक रीत मात्र माझ्या गावी नव्हती. त्याच्या आजोबांच्या काळात वरचा उतार सुटून हट निम्मी गेली, तेव्हापासून इथे झोपतानाही पीप्सर अंगावर, "साद"वर. गाडलेल्या माणसाला शोधायला काहीतरी हवं ना, म्हणतो. म्हटलं बरं, गळ्यात एक घंटा अजून बांध, गायीत भर.

१५ जानेवारी

आज पहिल्यांदा दारावरची तपासणी मी केली. पाहुणे निघताना एकेक करून माझ्यासमोरून जातात, मी "शोध"वर, प्रत्येकाची पीप ऐकायची, मान डोलवायची, पुढचा. चार पाहुणे होते, दोन जोडपी, सगळी हसरी. स्वयंपाकघरातला सेराफिन धरून पाच. माझ्या डबीच्या पडद्यावर छोटी माणसं उमटतात, ती मोजली तर सहा.

पुन्हा मोजली. सहा. सहावं माणूस बावन्न मीटरवर, बाण वरच्या उताराकडे.

सेराफिनला हाक मारली. तो म्हणाला, कोणाचा तरी फोन असेल, नाहीतर तुझे सेल. सेल बदलले. तोवर पाहुणे निघून गेले होते आणि पडद्यावर सेराफिन एकटाच. तो म्हणाला, बये, काल रात्री माझी जेन्शियनच्या दारूची बाटली कोणी संपवली ते आत्ता कळलं! मी हसले.

१६ जानेवारी

सहावं माणूस पुन्हा. एक्केचाळीस मीटर.

या वेळी सेराफिनने स्वतः पाहिलं. स्की चढवून दोघं बाणाच्या दिशेने निघालो, पण उतार सुरू होतो तिथे त्याने काठी आडवी धरली. हिमदरडीचा इशारा पाचपैकी चौथ्या पातळीवर गेलाय, कुत्रंसुद्धा वर सोडू नये. तिथूनच बघितलं. बर्फ कोरा. कोणी वर गेल्याची खूण नाही, खाली आल्याची नाही.

सेराफिन म्हणाला, या वर्षी या दरीत कोणी हरवलेलं नाही. आणि गेल्या वर्षीचं कोणी असेल तर सेल पंधरा दिवसांत संपतात, वर्षभर कोण साद घालणार?

मी ठोके ऐकत होते. प्रत्येक डबीची पीप वेगळी असते. ही जुन्या पद्धतीची. एक लांब, एक आखूड, मग थांबून पुन्हा. लंगडत चालल्यासारखी.

मला ती पीप माहीत आहे. सेराफिनला सांगितलं नाही.

१८ जानेवारी

आज लिहूनच टाकते. इथे वाचणारं कोण आहे?

वेंडेलिन. माझा थोरला भाऊ. त्याची डबी वीस वर्षं जुनी, पट्टा तुटला म्हणून पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली. नवी घे म्हटलं की म्हणायचा, "बुर्गे, ही लंगडते, पण घरी आणते." गेल्या फेब्रुवारीत आमच्या दरीत, माझ्या डोळ्यांदेखत उतार सुटला आणि तो आत गेला. मागून दोन अनोळखी माणसं धावत आली. त्यांनी लगेच शोध सुरू केला. बाण धरून आले आणि माझ्या पाठीला धडकले. परत गेले, परत माझ्याकडेच आले. तीन वेळा. मी हातांनी बर्फ उपसत होते, वेंडेलिन वेंडेलिन ओरडत होते, आणि छातीवरची माझी डबी "साद"वरच होती. खटका फिरवायचा मी विसरले होते. मी! जी पोराटोरांना शिकवायची!

त्यातल्या एकाने शेवटी माझं जाकीट फाडून खटका फिरवला. अकरा मिनिटं गेली होती. तेवढ्यात वरून दुसरी दरड आली आणि सगळं खालच्या घळीत गेलं. आम्ही तिघं कडेला होतो म्हणून वाचलो. वेंडेलिन उन्हाळ्यातही सापडला नाही.

पोलिसांनी विचारलं, आईने विचारलं. मी म्हटलं, माझी डबी "शोध"वर होती. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं आणि गप्प राहिला. देव त्याचं भलं करो. नको, करू नको. त्याने बोलायला हवं होतं.

आज सकाळी सत्तावीस मीटर. दोन डोंगर ओलांडून आलाय तो.

शेवटच्या पाहुण्यांपैकी एकीचा गुडघा मुरगळला. सेराफिन तिला घेऊन खाली गेला, उद्या परत येतो म्हणाला. मलाही चल म्हणत होता. राखणदाराने हट सोडायची नसते, असं मी ऐटीत सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. वेंडेलिन इथवर आला असेल तर मी उठून कुठे जाऊ?

१९ जानेवारी

रात्रीत नव्वद सेंटिमीटर बर्फ पडला. पाचवी पातळी. वाट बंद, ढग एवढे की हेलिकॉप्टर उडणार नाही. सेराफिन वॉकीटॉकीवर शिव्या घालत होता, हवामानाला, स्वतःच्या पायांना. मला म्हणाला, बाहेर पडू नको, चूल पेटती ठेव, आणि पीप्सर चालू आहे ना? म्हटलं हो.

नऊ मीटर. अंगणात.

तरी गेले. दोरी कमरेला बांधून, बर्फात खुपसून गाडलेल्याला चाचपायची लांब सळई घेऊन. बाण जिथे संपला तिथे आकडा दोन पूर्णांक चार. म्हणजे पायाखाली दोन मीटर चाळीस. बर्फ कोरा, माझ्या पावलांशिवाय काही नाही. तो बर्फावरून येतच नाहीये. खालून येतोय.

सळई फक्त खुपसायची होती. शेकडो वेळा खुपसलीय. हात उठेना. काय लागेल तिच्या टोकाला? भावाला वर काढायची संधी होती, आणि मी पळत आत आले, दाराला कडी घातली. कडी! बर्फाखालून येणाऱ्याला!

२० जानेवारी

चार मीटर. पलंगावर बसून. आता अंगणात नाही, भिंतीच्या आत.

का येतोय ते कळलं. मी रोज रात्री इथल्या रीतीप्रमाणे "साद"वर झोपते. मी हाक मारतेय त्याला. माझ्या ज्या हाकेने त्याला शोधणारे चुकवले, तीच हाक धरून तो —

माफ कर रे. वेंडेलिन, माफ कर. मोठ्याने म्हटलं. पीप थांबली नाही. लांब, आखूड. लांब, आखूड.

सेराफिनने विचारलं, चालू आहे ना? हो, म्हटलं. आवाज असा का, म्हणाला. म्हटलं सर्दी.

२१ जानेवारी, सकाळ

एक पूर्णांक एक. पलंगाच्या खाली. फळ्यांच्या खाली.

सहन होत नाही. सेल काढले. तिन्ही, चुलीत टाकले. एक फुटला, राख उडाली. आता साद नाही. आता तो मला शोधू शकणार नाही.

शांत. किती दिवसांनी शांत! पाव भाजला, लोणी लावलं.

सेराफिन म्हणतो, दुपारी ढग फाटतील, बचाव पथकाबरोबर तोच येतोय. वरचा उतार त्याला आवडत नाहीये. पीप्सर अंगावर आहे ना बुर्गे, शपथ घे. घेतली शपथ. अंगावर आहेच की. रिकामा.

दुपार

कोठीत बटाटे आणायला आले होते. आवाज आधी नाही आला, कान दडपले आधी. मग सगळं.

जिवंत आहे. कोठीच्या दगडी भिंती टिकल्या. दारात बर्फ, सिमेंटसारखा. पाय अडकलेत, हात मोकळे, कपाळावरचा दिवा चालू. वही जाकिटात होती. वेळ मांडते म्हणजे धीर राहील. २:१०.

नवे सेल खोलीतल्या खणात. खोली राहिली असेल तर.

२:४०. हेलिकॉप्टर! आले! ओरडले, घसा फाटेपर्यंत. उपयोग नाही, माहीत आहे, खालच्याला वरचं सगळं ऐकू येतं, वरच्याला खालचं काहीच नाही. हे पण मीच शिकवायची.

पावलं. माणसं. सेराफिनचा आवाज. कोणी म्हणतं, सिग्नल आहे, जोरदार आहे. सेराफिन म्हणतो, सांगितलं होतं ना, पोरगी शहाणी आहे, चालू ठेवलाय तिने.

माझा नाही. सेराफिन, तो माझा नाही —

२:४६. पलंग होता तिथे थांबले. माझ्यापासून चार पावलं. फावडी चालू. लांब, आखूड — त्यांच्या डबीतून मला इथवर ऐकू येतंय.

२:५२. खणतायत. भराभर. सेराफिन म्हणतोय, आलो बुर्गे, आलो गं बाई, दम धर. रडतोय म्हातारा.

डब्याने भिंतीवर ठोकतेय. फावड्यांच्या आवाजात —

२:५५. सापडली म्हणाले. ओरडले सगळे.

सेराफिन: "ही ती नाही."

पुरुष आहे. पिवळी पट्टी, कोणी म्हणतं. डबी चालू आहे अजून, हे कसं.

वेंडेलिन, त्यांना सांग —

हवा जड. अक्षर नीट येत —

वरचा उतार लटकलाय म्हणतात. दोन मिनिटं, मग सगळ्यांनी निघायचं. सेराफिन भांडतोय. शपथ घेतली होती तिने, म्हणतोय. दुसरा कोणी म्हणतो, ती इथे असती तर तिची डबी वाजली असती.

२:५७. सेहेचाळिसाला खणायला लागले. सेहेचाळीस — सत्तावन्न — अकरा मिनिटं. वेंडेलिन, मोजली होतीस तू पण?

फावडी थांबली. एक जण चालत इकडे येतोय. सेराफिन. त्याचेच बूट. बरोब्बर वर थांबलाय. विचारतोय, दुसरा सिग्नल आहे का रे, नीट बघ.

नाही, म्हणाला कोणीतरी.

आहे सेराफिन, मी आहे, इथे, तुझ्या पायाखा